एनआरव्ही म्हणजे व्हेंट नव्हे

“काकाजी, वास येऊन राहिला ना? एनआरव्ही टाकून देऊ, झंझटच नाही.” हे वाक्य मी नागपुरात मानेवाड्यात ऐकलंय, मनीषनगरात ऐकलंय आणि परवा माझ्या सख्ख्या साळ्याच्या घरी ऐकलं. साळ्याने फरशी फोडून घेतली, पैसे मोजले, आणि बाथरूममधला वास होता तसाच आहे.

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तिच्याबद्दल फार सांगत बसत नाही. बोअरच्या मोटरवर हा व्हॉल्व्ह असतोच. मोटर थांबली की वर चढलेलं पाणी परत उतरू देत नाही. संडासाच्या लाइनवरचाही त्याच जातीचा, फक्त ११० एमएमचा आणि आत लोंबती झडप. घरातलं बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. संपलं.

घोळ आहे तो व्हेंटचा. गच्चीच्या कठड्यावर डोकं काढून उभा असलेला टोपीवाला पाईप, तोच. बहुतेकांना वाटतं तो वास बाहेर सोडण्यापुरता आहे. वास तो सोडतोच, पण त्याचं खरं काम उलट्या दिशेचं आहे: लाइनला लागेल तेव्हा हवा आत घेणं.

वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की पाणी उभ्या पाईपातून धाडकन खाली येतं आणि मागची हवा ओढत जातं. व्हेंट उघडा असेल तर ही हवा गच्चीवरून मिळते. तो बुजलेला असेल तर लाइन ती जवळच्या ट्रॅपमधून, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातून, ओढते, आणि हवेच्या आधी ट्रॅपमधलं पाणी जातं. बाथरूमच्या फरशीतल्या नहाणी ट्रॅपात किंवा बेसिनखालच्या वळणात साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं. गटार आणि तुमचं घर यांच्यात आडोसा तेवढाच. ते ओढलं गेलं की “गुडगुड करून राहिलं जी” अशी तक्रार आधी येते, वासाची नंतर. आता सांगा, यात एनआरव्ही काय अडवणार? उलटं कोणी येतच नाहीये. पाणी आपल्या रस्त्यानेच चाललंय, फक्त जाताना ट्रॅपमधलंही सोबत नेतंय.

मला हा फरक कळला तो मुंबईत, शिडाच्या बोटींची डागडुजी करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली असताना. लहान बोटीत कमोड बरेचदा बाहेरच्या समुद्राच्या पातळीपेक्षा खाली असतो. म्हणून मैल्याचा पाईप आधी वर नेतात, पाण्याच्या पातळीच्या चांगला वर वळवतात (बोट वाऱ्याने कलली तरी तो वरच राहिला पाहिजे) आणि मग खाली समुद्राकडे सोडतात. त्या वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी एक चिमुकली झडप असते. कमोडच्या पंपाशी दुसरी, रबराची, चोचीसारख्या ओठांची. तिला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. आमचे एक मालक जोकर व्हॉल्व्ह दरवर्षी हौसेने बदलायचे आणि माथ्यावरच्या झडपेकडे ढुंकून पाहायचे नाहीत. एका सकाळी कमोड काठोकाठ भरून वाहत होता आणि खालच्या फळ्या पाण्यात होत्या. मिस्त्रीने वळणावरची झडप उघडून माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या भोकात मिठाचा पांढरा खडा बसला होता. हवा जाईना म्हणून पाईप भरलेलाच राहिला, सायफन लागला, आणि बाहेरचा दर्या पाईप चढून आत उतरला. रबराच्या ओठांत मैल्याची पुटं चढलेली, ते नीट मिटतच नव्हते. जाताना सी-कॉक, म्हणजे पाईप बोटीबाहेर निघतो तिथला नळ, बंद करायचा असतो, तोही राहिला होता. मिस्त्री एवढंच म्हणाला, “रबर दार आहे, ती वरची खिडकी आहे.” गरम पाण्यात खडा विरघळला आणि काम झालं.

एनआरव्ही निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी चढली, डागा लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं. अशा वेळी रस्त्याची लाइन तुंबते आणि घाण तळमजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून वर येते. तिथे एनआरव्हीच हवा, शेवटच्या चेंबरजवळ. मात्र झडप मिटली की तुमचंही पाणी बाहेर जात नाही. वर कोणी फ्लश केला तर ते खालच्या बाथरूममध्ये निघेल. आणि ज्यांनी गच्चीचं पावसाचं पाणी संडासाच्या लाइनला जोडलंय (हा प्रकार पाहिला की माझं डोकंच फिरतं), त्यांच्या घरात स्वतःच्याच गच्चीचा पूर येईल.

ओळखायचं कसं? नहाणी ट्रॅपची जाळी काढा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि वर कोणाला तरी फ्लश करायला सांगा. पाणी हललं, खाली गेलं, गुडगुडलं, तर व्हेंट पाहा. घरात कोणी नळ उघडलेला नसताना पावसात घाण पाणी वर आलं, तर एनआरव्हीचा विचार करा. एरवीही पाणी सावकाश उतरत असेल तर आधी चेंबर उघडून चोक काढा, मग बाकीचं. आणि मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाऊन आल्यावर वास येत असेल, तर यातलं काहीच नाही, ट्रॅप वाळलाय. दोन मग पाणी ओता.

साळ्याच्या गच्चीवर गेलो. दोन वर्षांपूर्वी टिनाचं शेड टाकलं, व्हेंट त्याच्या खाली आला, वास मारू लागला, म्हणून कोणीतरी त्याच्या तोंडात पाण्याची रिकामी बाटली उलटी खोचून दिली होती. बाटली काढली, पाईप शेडच्या वर नेला, जाळीची टोपी बसवली.

“मग आता एनआरव्ही काढून टाकू का भाऊजी?” साळा विचारत होता. म्हटलं राहू दे, पण त्याच्यावर फरशी पक्की बसवू नकोस. केस नि चिंध्या झडपेत अडकतात. हात जाईल एवढं झाकण ठेव.