तान्ह्या बाळांतील वृद्धी हॉर्मोनची कमतरता

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून वृद्धी हॉर्मोन जन्मतःच अपुरे स्रवते, ती ही अवस्था. कधी एवढे एकच हॉर्मोन कमी असते, कधी कॉर्टिसॉल (शरीराला ताण सोसायला लावणारे हॉर्मोन) आणि थायरॉइड यांना चालना देणारी हॉर्मोन्सही.

गर्भातली वाढ या हॉर्मोनवर फारशी अवलंबून नसल्याने जन्मावेळी लांबी-वजन बहुधा नेहमीसारखेच भरते. पुढे पोट-गाल गुबगुबीत होतात आणि घरचे म्हणतात, बाळाने छान बाळसे धरले. हे बाळसेच फसवते. निरोगी बाळ वर्षात साधारण ५० सेंमी.वरून ७५ सेंमी.पर्यंत जाते, या बाळाची लांबी सहा महिन्यांच्या आसपास रेंगाळू लागते. मुंबईतल्या लसीकरणाच्या रांगेत वजनकाटा असतोच; बाळाला फळीवर आडवे निजवून लांबी मोजायचा आग्रह मात्र पालकांनी धरावा.

त्याआधीच्या खुणा वेगळ्या असतात: साखर वारंवार उतरणे, झटके, लांबलेली कावीळ, दुभंगलेला टाळू, भिरभिरणारी नजर; मुलग्यात ताणून मोजलेले शिश्न २.५ सेंमी.पेक्षा आखूड. साखर उतरलेली असतानाचे रक्त इथे लाखमोलाचे. उपचार न खोळंबवता, शक्य तर ग्लुकोज देण्याआधीच ते घ्यावे. त्यात वृद्धी हॉर्मोन मोजतात; पहिल्या आठवड्यात ते एरवी भरपूर असते. साखर उतरूनही ते ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर जात नसेल आणि जोडीला पिट्युटरीचे दुसरे हॉर्मोनही कमी असेल, किंवा एमआरआयमध्ये ग्रंथीची ठरावीक विकृती दिसली, तर निदान पक्के होते. वर्षाच्या आतील बाळाला इन्सुलिन देऊन केलेली उत्तेजन चाचणी (मुद्दाम साखर उतरवून हॉर्मोन किती स्रवते ते पाहणे) धोक्याची.

परळला केईएम (१९२६) आणि लहान मुलांचे वाडिया (१९२९) ही रुग्णालये जवळजवळ आहेत. अशा बाळांना हॉर्मोनतज्ज्ञाकडे लवकर न्यावे.

उपचार म्हणजे रोज रात्री त्वचेखाली इंजेक्शन. १९८५पर्यंत हे औषध मृतांच्या पिट्युटरीतून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार जडल्यावर प्रयोगशाळेत बनवलेले हॉर्मोन आले. कॉर्टिसॉल कमी असेल तर ते थायरॉइडच्या गोळीआधी सुरू करतात, हा क्रम चुकवू नये. साखर सावरणे हा पहिला फायदा, उंची नंतरची. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. गणपतीला कोकणात जाताना इंजेक्शनचे पेन थंड पेटीत घ्यावे, पण बर्फाला थेट टेकवू नये. एकदा गोठलेले औषध वापरत नाहीत.