प्रथम प्रतिसादकांचे मानसिक साहाय्य (ग्रामीण विदर्भ)

अपघात, विषबाधा, आत्महत्या, पूर वा वाघाचा हल्ला अशा ठिकाणी सर्वांआधी पोहोचणाऱ्यांना त्या प्रसंगाच्या मानसिक आघातातून सावरण्यासाठी दिली जाणारी मदत. ग्रामीण विदर्भात या वर्गात १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर व चालक, पोलीस शिपाई आणि वनरक्षक यांच्याबरोबर पोलीस पाटील, आशा स्वयंसेविका व ताडोबालगतच्या गावांतील प्राथमिक प्रतिसाद दलाचे तरुणही धरावे लागतात.

या मदतीच्या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी लढाईनंतर लगेच घेतलेल्या सैनिकांच्या सामूहिक मुलाखतींपर्यंत नेतात. मात्र मार्शल यांचा हेतू युद्धेतिहासाचा होता, उपचाराचा नव्हे, म्हणून हा धागा फार ताणू नये. घटनेनंतर काही दिवसांत तुकडीने एकत्र बसून टप्प्याटप्प्याने प्रसंग उलगडण्याची पद्धत अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये मांडली. वापर बहुधा त्याआधीचा. २००२ च्या कॉक्रन समीक्षेत (उपचारांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा) अशा एकाच बैठकीने आघातोत्तर तणावविकार टळतो असे आढळले नाही. तपासलेले प्रयोग मुख्यतः एकेकट्या रुग्णांवरचे होते, या मिचेल-समर्थकांच्या आक्षेपात तथ्य आहे. तरीही बोलण्याची सक्ती न करणारा मानसिक प्रथमोपचार (जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका, २०११) अधिक सुरक्षित वाटतो.

विदर्भातील खेड्यात तुकडीच नसते. पोलीस पाटील गावात एकटाच. ठाण्याला खबर देणे, पोलीस येईपर्यंत धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) गर्दी थोपवणे, पंचनाम्यासाठी पंच जमवणे हे त्यानेच करायचे. आणि गेलेला माणूस बहुधा ओळखीचा, त्यामुळे तेरवीलाही त्याच घरी जायचे. हा भार शहरी अग्निशमन दलासाठी बेतलेल्या पद्धतींत मोजलाच जात नाही, ही त्यांची मोठी उणीव होय.

स्थानिक अनुभव सामान्य ग्रामस्थांपुरता आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून समुपदेशन दिले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले (निष्कर्ष प्रसिद्ध, २०१७). प्रतिसादकांसाठीही हीच वाट योग्य दिसते.

टेली-मानस (१४४१६) ही दूरध्वनीवरून समुपदेशनाची मोफत सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. मेळघाट, भामरागडच्या आतल्या गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. तेथून जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा लागतो. भामरागडहून गडचिरोली दीडशे किमी.हून दूर आहे.