बाळंतपणाच्या रजेतले सरकारी पैसे

बाळंतपणात बाईच्या हातात जे पैसे येतात त्यांना बोलताना सगळे सरसकट "मॅटर्निटीचे पैसे" म्हणतात, पण देणारा एकच नसतो आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. भारतात मुख्य रस्ते तीन. मालक रजेत पगार चालू ठेवतो, नाहीतर ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं, नाहीतर मातृवंदना योजना.

पहिला रस्ता 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याचा. त्याच्याही आधी मुंबई इलाख्यात 1929 सालीच असा कायदा झालेला, त्याच्या बिलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कौन्सिलमध्ये पाठिंबा दिला होता. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा आहे, त्याआधी 12 होती, आणि आता हीच तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलीय. एक अट अशी की आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं. पण हे पैसे मालकाच्या खिशातले, सरकारचे नाहीत.

पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर मालकाऐवजी महामंडळ देतं, तेही 26 आठवडे, रोजच्या सरासरी मजुरीइतके पूर्ण. यात आधीच्या दोन वर्गणी कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली लागते, त्यामुळे ठेकेदार मधेच बदलला की आधी पगाराची स्लिप काढून कापलेले दिवस मोजायचे.

आणि ज्यांना रजाच नाही, म्हणजे घरकाम, शेतमजुरी, ऊसतोड, घरगुती शिवणकाम करणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना, 1 जानेवारी 2017 पासूनची. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये. आधी तीन हप्ते होते, 2022 पासून दोन, 3,000 आणि 2,000. दुसरी मुलगी झाली तर 6,000 एकरकमी, दुसरा मुलगा झाला तर काही नाही. कायम सरकारी नोकरी असेल किंवा वरच्या दोनपैकी लाभ मिळत असेल तर ही योजना मिळत नाही. बाकी वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत, जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, पिवळं रेशनकार्ड असं काहीतरी एक दाखवावं लागतं.

काम सुरू होतं अंगणवाडी ताई किंवा आशा ताईकडे. ती माता-बाल कार्ड बनवते, त्यावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिते, आणि ही तारीख फार महत्त्वाची कारण पुढचे सगळे दिवस तिथूनच मोजतात, पहिल्या बाळाचा अर्ज त्या तारखेपासून 570 दिवसांच्या आत करायचा असतो. पहिल्या हप्त्याला गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी, दुसऱ्याला बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंद सासरच्या गावात आणि लस माहेरच्या उपकेंद्रात. कार्ड बरोबर न्यायचं विसरलं की लस झालेली असूनही कागदावर दिसत नाही. दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकवर सासरचं, आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर, तो कामावर. पैसे तर अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही तर आधारला जे खातं जोडलंय त्यात जातात. आमच्या ओळखीतल्या एका पोरीला कितीतरी महिने वाटत होतं पैसे आलेच नाहीत, शेवटी कॉलेजात असताना स्कॉलरशिपसाठी उघडलेल्या खात्यात सापडले! म्हणून अर्जाआधी बँकेत जाऊन "आधार कुठल्या खात्याला सीडिंग आहे" एवढं विचारून घ्यावं.

जननी सुरक्षा योजना याहून वेगळी, 2005 ची. महाराष्ट्रात ती दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना मिळते, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ग्रामीण भागात 700, शहरात 600. बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर नॉर्मलला 15,000 आणि सिझेरियनला 20,000, पण नोंदणी जिवंत हवी, रिन्यू करायची राहिली की हक्क गेला.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये असं लिहिलंय आणि त्यात पहिलं बाळ-दुसरं बाळ असा भेद नाही, सरकारी नोकरी वगैरे सोडून सगळ्यांना. योजनेत 5,000 का, तर उरलेले जननी सुरक्षेतून धरायचे असा सरकारी हिशोब आहे. जिला जननी सुरक्षा लागूच नाही तिचे ते हजार कुठल्याच खात्यात येत नाहीत.