जिवंत आमिषाची गळमासेमारी (तापी खोरे, खान्देश)

लहान जिवंत मासा गळाला टोचून पाण्यात सोडायचा आणि त्याच्या तडफडीवर मोठा शिकारी मासा ओढून घ्यायचा, अशी ही रीत. कोकणच्या किनाऱ्यावर छोट्या होडीतून सुरमईसाठी ती चालते. खान्देशाला किनारा नाही; इथली तापी सुरतेच्या पुढे जाऊन समुद्राला मिळते. पण तापी-गिरणेचे डोह आणि धरणांचे फुगवटे यांत मरळ, शिवडा आणि शिंगाळा हे तीन तगडे शिकारी मासे आहेत आणि तिघेही जिवंत आमिषावर येतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे गळाला ‘गय’ आणि जाळ्याला ‘जायं’ म्हणतात.

होडी, दोरी, गळ यांत समुद्र आणि नदी असा फार फरक नाही. फरक आहे तो उन्हाचा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात बादलीतले आमिष जिवंत आणि चपळ ठेवणे हेच या मासेमारीचे खरे कसब आहे. गळ टाकणे त्यामानाने सोपे.

पाणी आणि हंगाम

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहते. भुसावळ तालुक्यातील ४१ दरवाजांच्या हतनूर धरणाचा फुगवटा चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पसरतो. खाली सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा हे बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे, आहेत. त्यांच्याही खाली गुजरातेतील उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणी निवळ, थंड आणि काठोकाठ असते. त्यानंतर पाण्याची उचल वाढते, काठ उघडा पडतो, गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) सुरू होते आणि मासे जुन्या नदीपात्राच्या खोल घळीत एकवटतात. मार्च ते मे या काळात पहाटेचे तीन तास आणि सूर्यास्तानंतरचा तास एवढेच उपयोगाचे.

पावसाळा हा या माशांचा वीणकाळ. मरळीची जोडी पिलांची राखण करते. पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिलांचा घोळका हलताना दिसला, तर आई-बाप खालीच असतात आणि समोर येईल त्यावर झडप घालतात. अशा वेळी गळ टाकणे म्हणजे एका माशासाठी शेकडो पिले उघडी पाडणे. ते करू नये.

आमिष धरणे

अळकुट, चांबारी असे काठाने थव्याने फिरणारे ७ ते १० सेंटिमीटरचे मासे उत्तम. माशांची नावे गावोगाव बदलतात. निवडताना नावापेक्षा अंग पाहावे. चांबारी दणकट असते आणि गळावर बराच वेळ टिकते. अळकुट चमकते, पण तिचे खवले हाताला लागून निघतात आणि ती लवकर मरते.

पहाटे काठाच्या गुडघाभर पाण्यात सरकीच्या ढेपेचा भिजवलेला मूठभर चुरा टाकावा. दहा-पंधरा मिनिटांत थवा जमतो. त्यावर बारीक आसाचा (छिद्रांचा) पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, एकदाच, नीट गोल फेकावा. दोन-तीनदा फेकला तर थवा उधळतो, आणि हाती लागलेले मासेही जाळ्यात घासून खरचटतात. खरचटलेला मासा बादलीत तासभर बरा दिसतो आणि मग एकदम उलटतो. म्हणून वेळ असेल तर सर्वांत लहान गळाला कणकेची गोळी लावून एकेक मासा धरावा. काम रेंगाळते, आमिष मात्र दिवसभर टिकते.

दुसऱ्या धरणातले मासे आणून आमिष म्हणून वापरू नयेत. टिलापियासारखे परदेशी मासे असेच पसरतात. उरलेले आमिषही जिथे धरले त्याच पाण्यात सोडावे. थाय मांगूर या बंदी असलेल्या परदेशी माशाची पिले तर कोणत्याही कारणाने होडीत नकोत.

आमिष जिवंत ठेवणे

थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना सुमारे ७. उलट उकाड्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते. दोन्ही बाजूंनी कोंडी होते, आणि २० लिटरच्या बादलीत चाळीस मासे कोंबले की अर्ध्या तासात निम्मे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. तोंडे पृष्ठभागाला लागली म्हणजे आमिष संपत आले असे समजावे. तेव्हा पाणी बदलूनही त्यातली बरीचशी वाचत नाहीत.

२० लिटरला १२ ते १५ मासे पुरे. भांडे गोल असावे. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात मासे गर्दी करून एकमेकांना घासतात. पाणी नदीचेच घ्यावे. नळाच्या पाण्यातले क्लोरिन कल्ल्यांना जाळते. बॅटरीवरचा छोटा हवापंप आता कुठेही मिळतो. तो नसेल तर दर वीस मिनिटांनी तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहावे. बादलीला ओले गोणपाट गुंडाळून होडीतल्या सावलीत ठेवावी. गोणपाट वाळले की पुन्हा भिजवायचे, जसे घरी माठाला करतात तसेच. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. पाणी एकदम चार-पाच अंशांनी उतरले तर माशाला झटका बसतो. गोठवलेली पाण्याची बंद बाटली आत सोडली की गारवा हळूहळू उतरतो. मेलेला मासा दिसताक्षणी काढावा, कारण तो बाकीचे पाणी नासवतो. अर्ध्या-पाऊण तासाने एक तृतीयांश पाणी बदलावे, सगळे एकदम नाही.

होडी थांबलेली असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे भोके पाडलेला झाकणाचा डबा किंवा बांबूची टोपली होडीच्या काठाला बांधून पाण्यात बुडवून ठेवणे. फक्त होडी वल्हवण्यापूर्वी ती वर घ्यायला विसरू नये. ओढ लागून मासे जाळीवर चेपले जातात.

साहित्य आणि जोडणी

दोन ते सव्वादोन मीटरची मध्यम ताकदीची काठी, आणि रीळवर ९ ते ११ किलो ताण सोसणारा तंगूस (नायलॉनची दोरी). टोकाला २० ते २५ सेंटिमीटर पोलादी तार. मरळीचे दात आणि शिवड्याच्या जबड्यावरची बारीक दातांची कानस साधा तंगूस घासून तोडते. पहिल्या झटक्याला तो टिकतो, होडीजवळ आल्यावर तुटतो. तंगूस आणि तार यांच्यात स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) हवा, नाहीतर गरगरणाऱ्या आमिषामुळे दोरीला पीळ पडतो.

गळ १/० ते ३/० मापाचा, एकेरी. टोक आत वळलेला सर्कल हुक असेल तर उत्तम: तो माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. मासा ठेवायचा नसेल तर हाच वापरावा.

आमिष टोचण्याआधी हात ओले करावेत. वाहत्या पाण्यात किंवा होडी संथ सरकत असताना गळ खालून वर, दोन्ही ओठांतून घ्यावा. मासा सरळ पोहतो. थांबलेल्या पाण्यात पाठीवरच्या परामागे, कण्याच्या वर, फक्त कातडीखालून घ्यावा. कण्याला टोक लागले तर आमिष तिथेच लुळे पडते, आणि ही चूक सर्वांत जास्त होते. आमिष गोल गोल फिरत असेल तर गळ एका बाजूला लागला आहे. काढून नवे लावावे.

कुठे, किती खोल

मरळीसाठी पाणवनस्पतींची आणि बुडालेल्या बाभळींची कड. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेते, त्यामुळे तिची जागा बुडबुड्यांवरून आणि ‘डुब्ब’ आवाजावरून कळते. तरंगीखाली (दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेखाली) एक ते दीड मीटर आमिष ठेवावे. सैल सोडले तर ते शेवाळात शिरून लपते. शिवड्यासाठी जुन्या पात्रातला डोह, तळापासून हातभर वर, तिन्हीसांजेनंतर. शिंगाळा तळाचा, २० ते ३० ग्रॅम शिसे लावून आमिष खाली बसवावे.

होडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जागेपासून १५ मीटर दूर, दगडाच्या नांगरावर उभी करावी. फुगवट्यावरच्या होड्या बहुधा सपाट बुडाच्या असतात. वल्हे फळीवर आपटले तरी आवाज पाण्यात लांब जातो. तळाशी गोणपाट अंथरावे.

शिकारी जवळ आला की तरंगी आधी थरथरते. ती थरथर आमिषाच्या घाबरण्याची असते. तेव्हा काठीला हात लावू नये. मग ती तिरकी सरकते आणि बुडते. मरळ आमिष आडवे धरते, थोडे दूर जाते, वळवून डोक्याकडून गिळते. साध्या गळाला म्हणून पाच-सहा सेकंद द्यावे लागतात. सर्कल हुकला झटका द्यायचाच नाही. दोरी ताणली जाईपर्यंत रीळ फिरवत राहायचे. सवयीने झटका दिला की गळ रिकामा येतो.

मासा होडीत घेताना

शिंगाळ्याच्या पाठीच्या आणि छातीच्या परांना कडक दातेरी काटे असतात. जखम खोल होते आणि ठणकते. त्याला परांच्या मागून, ओल्या फडक्याने धरावे. शिवड्याच्या तोंडात बोट घालू नये, चिमट्याने गळ काढावा. शिवडा (वलागो अट्टू) आंतरराष्ट्रीय यादीत आता ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला आहे. मोठा शिवडा पाण्यातच गळ काढून सोडावा, हे बरे. मरळ हवेतही बराच वेळ जिवंत राहते, म्हणून ती होडीत उघडीच टाकून ठेवण्याची सवय आहे. पण झाकणाच्या भांड्यात नसेल तर ती उडी मारून पाण्यात जाते.

परवानगी आणि पाण्याचा धोका

बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. भोई-कोळ्यांची तिथे रोजची भाकरी आहे. संस्थेला विचारल्याशिवाय होडी घालू नये, आणि त्यांच्या जाळ्यांच्या खुणेच्या बाटल्यांपासून पन्नास मीटर तरी लांब राहावे.

उन्हाळ्यात दुपारनंतर उघड्या फुगवट्यावर वावटळ उठते आणि सपाट बुडाची होडी आडवी लाट सोसत नाही. बारा वाजण्याच्या आत काठाला यावे. पावसाळ्यात बॅरेजच्या खालच्या पात्रात उतरूच नये. वर मध्य प्रदेशात पाऊस झाला की इथे निरभ्र आकाशाखाली दरवाजे उघडतात आणि गुडघाभर पाणी पाहता पाहता गळ्यापर्यंत येते.