स्पॅनिश प्रश्नवाक्यातील उलटे चिन्ह : पार्श्वभूमी

‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नासाठी स्पॅनिशमध्ये मराठीतल्या ‘का’सारखा शब्द जोडावा लागत नाही, आणि क्रियापदाच्या रूपातूनच कर्ता कळत असल्याने तोही बहुधा गाळला जातो. त्यामुळे ‘बिएनेस मान्याना’ म्हणजे ‘तू उद्या येतोस’ आणि ‘तू उद्या येतोस का’, हे दोन्ही; बोलताना फरक करतो तो केवळ स्वर, म्हणजे आवाजाचा चढउतार. कर्ता असलाच तर तो क्रियापदानंतर ठेवण्याची रीत आहे, परंतु अशा प्रश्नांत ती सक्तीची नाही. पूर्वी लेखनात हा भेद वाक्याच्या शेवटच्या एकाच प्रश्नचिन्हावर अवलंबून असल्यामुळे मोठ्याने वाचणाऱ्याचा स्वर लांब वाक्यात हमखास चुके.

माद्रिदमधील भाषा-अकादमीने १७५४च्या शुद्धलेखन-ग्रंथात यावर तोडगा काढला : प्रश्नार्थी स्वर ज्या शब्दापासून सुरू होतो, त्याच्या आधी तेच चिन्ह उलटे (¿) लावावे. मात्र ही सोय लांब वाक्यांपुरतीच ठेवली गेली, आणि खरा घोळ इथेच झाला. चार शब्दांचा प्रश्न लहान, मग नऊ शब्दांचा कोणता? उत्तर ज्याच्या-त्याच्या कानावर सोडले गेले. एवढी मूलगामी कल्पना मांडून ती अर्ध्यावर थांबवणे हा सावधपणा अनाठायी होता, असेच म्हणावे लागते. प्रत्येक प्रश्नाला दोन्ही चिन्हे हवीत, हा नियम यायला १८७० साल उजाडले.

चिन्हाची जागा वाक्यारंभी नसून प्रश्नारंभी, हे तत्त्व मात्र पहिल्यापासून टिकले. ‘पेद्रो, ¿कुआंदो बिएनेस?’ यात हाक चिन्हाबाहेर राहते. ‘कुआंदो’ (केव्हा) या प्रश्नशब्दावर लेखनात आघातचिन्ह (अक्षरावरची तिरकी रेघ) असतेच, आणि ‘तो केव्हा येणार ते ठाऊक नाही’ अशा अप्रत्यक्ष प्रश्नात प्रश्नचिन्हे गेली तरी ते राहते. मग उलटे चिन्ह कशाला, असा विरोधकांचा युक्तिवाद असतो. पण प्रश्नशब्दच नसलेल्या ‘बिएनेस मान्याना’ला तो लागू पडत नाही, हे ते सहसा सांगत नाहीत.

चिलीच्या एका नोबेलविजेत्या कवीने हे चिन्ह वापरायचे नाकारले. शेजारच्या कातालान भाषेच्या नियामक संस्थेने १९९३ मध्ये केवळ शेवटचे चिन्ह वापरण्याची शिफारस केली, तर त्याच वर्षी स्पेनच्या सरकारने स्पॅनिशची खास अक्षरे आणि ही चिन्हे कळफलकावर असलीच पाहिजेत, असा हुकूम काढला. मोबाइलवरील संदेशांत पहिले चिन्ह आज सर्रास गळते; २०१०च्या शुद्धलेखन-ग्रंथाने मात्र त्याची सक्ती कायम ठेवली आहे.