९ तारीख १० तारखेच्या वर का जाते?

अ‍ॅपमधली कुठलीही यादी घ्या, निरोपांची, फोटोंची, कामांची. नवं वर आणि जुनं खाली, एवढीच आपली अपेक्षा असते. तरी मधूनच ९ तारखेची नोंद १० तारखेच्या डोक्यावर जाऊन बसते. अशा वेळी बहुधा अ‍ॅपने तारीख वाचलेलीच नसते, नुसती अक्षरं वाचलेली असतात.

'१०/०१/२०२४' आणि '९/१२/२०२३' हे दोन मजकूर शेजारी ठेवा. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. पहिल्याच फेरीत १ समोर ९ येतो, ९ मोठा ठरतो आणि तिथेच निकाल लागतो. वर्ष शेवटी असल्यामुळे त्याची पाळीच येत नाही. महिना अक्षरात लिहिला असेल तर आणखी मजा: एप्रिल जानेवारीच्या आधी!

यावरचा एक तोडगा म्हणजे १९८८ साली आलेलं, तारीख-वेळ लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि एकेरी आकड्याच्या आधी शून्य. असं लिहिलं की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम आपोआप जुळतो. त्याहून सोयीचं म्हणजे वेळ एका संख्येत ठेवायची. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद झाले ते मोजायचं. १ जानेवारी २०२४ ची मध्यरात्र या हिशेबात १७०४०६७२०० होते. पडद्यावर दिसणारी 'काल, सायंकाळी ६' ही सगळी सजावट अगदी शेवटी करायची. क्रम लावताना तिला हातही लावायचा नाही.

संख्या आल्या म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. इथली एक चूक मला फार आवडते, कारण ती वरवर पाहता बिनचूक दिसते.

क्रम लावणारा प्रोग्रॅम दर वेळी दोन नोंदी उचलतो आणि विचारतो, यातली आधी कोणती? जावासारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत याचं उत्तर ऋण, शून्य किंवा धन संख्येत द्यायचं असतं. मग सरळ वजाबाकी करून टाकण्याचा मोह होतो. पण तिथे वेळ असते मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, आणि ६४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारं एक घर). उत्तराची जागा मात्र असते ३२ बिटांची. त्या जागेत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे २४ दिवस आणि साधारण साडेवीस तास. फरक त्यापुढे गेला की वरचे बिट छाटले जातात आणि चिन्ह उलटू शकतं. दहा दिवसांच्या अंतराच्या दोन नोंदी बरोबर लागतात. तीस दिवसांच्या उलट्या लागतात. आणि साठ दिवसांच्या? पुन्हा बरोबर! चाचणीसाठी भरलेल्या नोंदी बहुधा एकाच आठवड्यातल्या असतात, त्यामुळे चूक पकडली जात नाही. ती महिन्याभराने वापरणाऱ्याच्या फोनवर उगवते.

हे इथेच थांबत नाही. अ हा ब च्या आधी, ब हा क च्या आधी, आणि क मात्र अ च्या आधी, असं चक्र तयार होतं. अँड्रॉइडवर अशा याद्यांसाठी टिमसॉर्ट ही पद्धत वापरली जाते. टिम पीटर्स यांनी ती २००२ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी लिहिली. यादीत आधीच क्रमाने असलेले तुकडे ओळखून ती फक्त जोडकाम करते. हजार नोंदी आधीच क्रमात असतील, तर ९९९ तुलनांत काम संपतं. प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडून पाहिली तर जवळजवळ पाच लाख तुलना लागतात. पण असं चक्र तिच्या नजरेस पडलं तर ती हात वर करते आणि अ‍ॅप बंद पडतं. उपाय एका ओळीचा आहे: वजाबाकी न करता लहान-मोठं थेट तपासायचं.

दोन नोंदींची वेळ तंतोतंत सारखी असेल तर? तिथे नोंदीचा क्रमांक ही दुसरी कसोटी लावावी. नाहीतर यादी ताजी केली की त्या दोघी जागा बदलू शकतात.

खरा गुंता त्याच्याही आधी आहे, कारण मुळात वेळ कोणाची धरायची हेच ठरलेलं नसतं. एका फोनचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं की उत्तर प्रश्नाच्या आधी दिसू शकतं. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम लावायला घड्याळाची गरजच नाही. कोणती घटना कोणत्या घटनेचं कारण होऊ शकते एवढं सांभाळणारे मोजणीचे आकडे पुरतात. गप्पांच्या अ‍ॅपने म्हणूनच सर्व्हरने, म्हणजे सगळे निरोप ज्याच्यातून जातात त्या मधल्या संगणकाने, दिलेला क्रम धरावा, असं माझं मत आहे.

फोटोंना तो नियम लावून चालत नाही. फोटो चढवला कधी याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं, काढला कधी ते हवं असतं. ती वेळ फोटोच्या फाइलमध्येच एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. पण ती वेळ प्रमाणवेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, हे लिहायची जागा एक्झिफमध्ये २०१६ मध्ये आली. त्याआधीच्या फोटोंत बहुधा 'सकाळी १०' एवढंच सापडतं, टोकियोचे की लंडनचे ते नाही. अशा दोन फोटोंतला आधीचा कुठला, हे अ‍ॅपला त्या नोंदीवरून सांगताच येत नाही.