वाहतूक नियोजन आणि मालमत्ता विकास (गोवा)

एखाद्या जमिनीवर काय बांधायचे, किती बांधायचे आणि तिथे राहायला येणारी माणसे ये-जा कशी करणार, या प्रश्नांचा एकत्र विचार म्हणजे मालमत्ता विकासातील वाहतूक नियोजन. शास्त्र सांगते की आधी वाहतुकीचा हिशेब मांडावा आणि मग जमिनीचा वापर ठरवावा. गोव्यात बहुधा उलटे घडत आले आहे. पूल किंवा रस्ता आधी येतो, त्याच्यामागे जमिनीचा भाव चढतो, वसाहत उभी राहते आणि आराखडा तिच्यामागून धावतो. राज्याचे क्षेत्रफळ जेमतेम ३,७०२ चौ. किमी. आहे. पूर्वेला सह्याद्रीचे जंगल, पश्चिमेला समुद्र आणि मधल्या पट्ट्यात मांडवी, जुवारी या नद्या, त्यांच्या खाड्या आणि खाजने (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेते). अशा भूमीत नदी कुठे ओलांडायची हे ठरले की गाव कुठे वाढणार हेही बरेचसे ठरून जाते.

पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा पोंत द लिन्हारिस हा सेतुमार्ग १६३३–३४ मध्ये बांधला गेला. मिठागरे आणि खाजने यांच्यामधून जाणाऱ्या, सुमारे ३ किमी. लांबीच्या या वाटेने पणजी जुन्या गोव्याशी जमिनीवरून जोडली गेली. पुढे १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला. त्यामागे रोगराईसह इतर कारणे होती, पण वाट आधीच तयार होती. वास्को शहर १८८० च्या दशकातील रेल्वे आणि मुरगाव बंदर यांच्या आधाराने वाढले.

स्वातंत्र्योत्तर काळातले सर्वांत बोलके उदाहरण पर्वरीचे. मांडवीवर पूल नव्हता तोवर पलीकडच्या बार्देशात जायला बेतीची फेरीबोट धरावी लागे. पूल झाला आणि पर्वरीचे पठार राजधानीचे उपनगर बनू लागले. ५ जुलै १९८६ रोजी हा नेहरू पूल कोसळला. बार्देशात घर आणि पणजीत नोकरी असणाऱ्यांना पुन्हा फेरीबोटींवर विसंबावे लागले, आणि एका पुलावर किती संसार उभे होते हे उघड झाले. दुसरा पूल १९९२ मध्ये खुला झाला. २००० मध्ये विधानसभा संकुलही पर्वरीला गेले. तिसरा, केबलने तोललेला अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये आला. तीन पूल झाले, तरी म्हापशाकडून येणारी गर्दी हटली नाही आणि पर्वरीत उन्नत मार्गाचे काम हाती घ्यावे लागले. रस्त्याची क्षमता वाढवली की काही काळ मोकळे वाटते. त्या मोकळेपणाच्या भरवशावर नवी घरे विकली जातात आणि नवी वाहने ती जागा भरून काढतात. वाहतूकशास्त्रात याला प्रेरित वाहतूक म्हणतात. अटल सेतूवर दुचाक्यांना मनाई आहे. गोव्यातला सामान्य माणूस तर दुचाकीवरच फिरतो, म्हणजे सर्वांत मोठ्या पुलाचा लाभ त्याला थेट मिळत नाही. हे नियोजनाचे साधे अपयश नव्हे. कोणासाठी नियोजन करायचे, या मूळ प्रश्नाचेच ते उत्तर आहे.

याच्या अगदी उलट चित्र दिवाडी बेटावर दिसते. राजधानीपासून अंतर थोडे, पण वाहनांना पूल नाही. फेरीबोट हाच मार्ग. शेवटची फेरी चुकली की रात्र पलीकडे. या गैरसोयीचा त्रास आजारी माणसाला, विद्यार्थ्याला आणि बाळंतिणीला होतो, आणि तो कमी लेखता येत नाही. पण पर्वरीसारखी इमारतींची दाटी बेटावर झाली नाही, शेते टिकली, हेही त्याच गैरसोयीचे फळ. पूल हवा की नको, हा वाद अशा गावांत रहदारीपुरता नसतो. पुलापाठोपाठ कोण येणार, याची धास्ती त्यामागे असते.

एखाद्या प्रकल्पाचा वाहतुकीवरचा परिणाम मोजताना चार प्रश्न विचारले जातात : किती फेऱ्या निर्माण होतील, त्या कुठे जातील, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या रस्त्याने. गोव्यात यांतला पहिलाच प्रश्न फसवा आहे. किनाऱ्यालगतच्या कित्येक सदनिका दुसरे घर म्हणून घेतलेल्या असतात किंवा पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात. त्या ऑगस्टमध्ये कुलूपबंद आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुडुंब भरलेल्या. सकाळ-संध्याकाळच्या कचेरीच्या गर्दीवर बेतलेली गणती इथे लागू पडत नाही. पावसाळ्यात मोजणी केली तर रस्ता रिकामा दिसतो आणि कागदोपत्री प्रकल्प निर्दोष ठरतो. शिवाय हिशेब रहिवाशांच्या गाड्यांवरच थांबतो. पाण्याचे टँकर, कचऱ्याची गाडी, रेंट-अ-कॅब (पर्यटक स्वतः चालवतात ती भाड्याची गाडी), गॅसचा टेम्पो यांना तोच वाडा (गावातली वस्ती), तोच अरुंद रस्ता वापरावा लागतो. बार्देशातल्या जुन्या वाड्यांमध्ये चिऱ्याच्या कुंपणांतून दोन गाड्या जेमतेम सरकतात. वळणावर खुरीस (क्रूस), पुढे वडाचा पार. तिथे रुंदीकरण म्हणजे कोणाच्या तरी अंगणाचा तुकडा.

कायद्याची चौकट १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने घातली. प्रादेशिक आराखडा प्रत्येक सर्व्हे क्रमांकाला वापर नेमून देतो. शहरांभोवती नियोजन व विकास प्राधिकरणांचे बाह्यविकास आराखडे लागू होतात. रस्त्याची रुंदी आणि चटई क्षेत्र (भूखंडावर सगळे मजले मिळून बांधता येणारे क्षेत्रफळ) यांची सांगड नियमांत आहे : अरुंद वाटेवर मोठ्या प्रकल्पाला मुभा नसते. म्हणून आराखड्यात प्रस्तावित रस्ता किती रुंद दाखवला आहे, याकडे बांधकाम व्यावसायिकांची नजर असते. नकाशावरची ती रेघ प्रत्यक्षात कधी उतरेल हे कोणी सांगू शकत नाही, पण जमिनीचा भाव तिच्यावर आजच ठरतो.

२००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या उठावामुळे मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये गावांचे दोन वर्ग पाडून त्यांना ८० आणि ६० असा चटई निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के चटई क्षेत्र बांधता येईल ते) दिला गेला, आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक जमिनी वेगळ्या काढल्या गेल्या. त्या आराखड्यावरही वाद झाले. पण गावाची वहनक्षमता पाहून बांधकामाला मर्यादा घालण्याची कल्पना त्यात होती, आणि ती मोलाची होती. १९७४ च्या कायद्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी एकेका भूखंडाचा झोन (नेमून दिलेला वापर) अर्जावर बदलण्याची वाट खुली केली. त्यांपैकी कलम १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. वाहतुकीच्या दृष्टीने असे सुटे भूरूपांतर घातक असते. बागायत म्हणून रंगवलेल्या पट्ट्यासाठी कोणी रस्ता आखलेला नसतो. एका भूखंडाचा भार नगण्य वाटतो. तसे वीस झाले की तिंट्यावरचा (गावच्या बाजाराजवळचा) चौक गुदमरतो, आणि तेव्हा जबाबदार कोणालाच धरता येत नाही.

पैशाची बाजूही आहे. सरकारी खर्चाने पूल होतो आणि आसपासच्या जमीनमालकाची मिळकत वाढते. या वाढीतला काही वाटा सार्वजनिक तिजोरीत परत यावा, हे तत्त्व जगभर मान्य आहे. गोव्यात २००९ च्या कायद्याने बांधकामाच्या क्षेत्रफळावर पायाभूत सुविधा कर लावला. मात्र तो बांधकाम होताना आकारला जातो. नुसती जमीन धरून ठेवून भाव चढण्याची वाट पाहणारा त्यातून निसटतो.

सध्या हे सारे पेडणे तालुक्यात घडताना दिसते. मोपचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. धारगळहून विमानतळाकडे जोडरस्ता झाला. काल-परवापर्यंत काजूच्या हंगामावर आणि शेतीवर जगणाऱ्या गावांत भूखंडांच्या जाहिराती लागल्या. दक्षिणेत नव्या जुवारी पुलाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ च्या अखेरीस खुला झाला आणि बांबोळी ते वेर्णा हा पट्टा एकसंध होऊ लागला.

रस्ता कसा बांधला जातो, यावरही त्याच्या कडेची जमीन पुढे काय होणार हे अवलंबून असते. मडगावच्या पश्चिम बगलरस्त्यासाठी बाणावली परिसरातील ग्रामस्थांनी मातीच्या भरावाऐवजी खांबांवरचा मार्ग मागितला. भरावामुळे पावसाचे पाणी तुंबते आणि शेत पडीक होते. शेत पडीक झाले की त्याचे भूरूपांतर मागायला निमित्त मिळते. खांबांवरून गेलेल्या रस्त्याखालून पाणी वाहत राहते आणि शेताला शेत म्हणून टिकण्याची संधी उरते.

सार्वजनिक वाहतूक या साऱ्या चर्चेत कडेलाच राहिली आहे. कदंब महामंडळ १९८० पासून आहे, खासगी बसगाड्या आहेत, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून भाड्याने प्रवासी नेणारे पायलट आहेत. पण बांधकाम परवाना देताना गाडी ठेवायच्या जागा काटेकोर मोजल्या जातात. बसथांबा किती अंतरावर आहे आणि रात्री आठनंतर तिथून बस मिळते का, हे परवान्याच्या कागदावर कोणी विचारत नाही.